मळसूत्री केस: आधी ओळख, मग पाणी, शेवटी कात्री

माझी लेक सात वर्षांची असताना आम्ही तिला घराजवळच्या एका पार्लरमध्ये नेलं. काम साधं होतं, शेंडे दोन बोटं कापायचे. तिथल्या ताईंनी नेहमीप्रमाणे केस भिजवले, कंगव्याने ताणून पाठीवर सरळ बसवले आणि खांद्याखाली सुरेख आडवी रेघ कापली. ओले होते तोवर छान दिसले. घरी पोचेपर्यंत केस वाळले आणि कानाच्या पाळीपर्यंत वर चढले, तेही एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. लेकीने आरशात पाहिलं आणि विचारलं, "आई, उद्या शाळेत टोपी घालून जाऊ का गं?"

त्या ताईंचा हात चांगला होता. पद्धत मात्र सरळ केसांची होती. त्या दिवसापासून मी शिकायला लागले, आणि गेली सहा वर्षं लेकीचे केस घरीच कापते आहे. इंदूरमधल्या रामबाग आणि स्नेहनगर या वस्त्यांतल्या ओळखीच्या चार-पाच घरांतूनही आता मला हाक येते. ज्यांच्या घरात कुणाचे केस पेनातल्या स्प्रिंगसारखे बारीक वेटोळ्यांचे आहेत आणि ज्यांनी आजवर ते फक्त ओढून बांधले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम पाळा. कात्री अगदी शेवटी येते, निदान चार आठवडे केसांना नीट पाणी मिळाल्यावर.

आधी एक केस मोजा

आपण लाटांच्या केसांनाही कुरळे म्हणतो आणि घट्ट गुंडाळलेल्या केसांनाही. या दुसऱ्या प्रकाराला मी मळसूत्री म्हणते, कारण केस स्क्रूच्या आट्यांसारखा फिरत खाली येतो. गुंतवळातला एक पूर्ण केस घ्या, पट्टीवर न ताणता ठेवा आणि लांबी लिहा. मग दोन्ही टोकं धरून हलकेच सरळ करा, पुन्हा लिहा. लेकीचा केस सैल असताना ८ सेंटिमीटर होता, ताणल्यावर २०. हे दोन आकडे जपून ठेवा, कापताना त्यांचाच हिशेब लागणार आहे.

केस असा का वाढतो? सरळ केसाचं मूळ त्वचेत सरळ असतं आणि केसाचा छेद जवळजवळ गोल. मळसूत्री केसाचं मूळ त्वचेतच वाकलेलं असतं आणि छेद चपटा, लंबगोल. याचे दोन परिणाम होतात. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत उतरतं, इथे प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून टाळू तेलकट आणि शेंडे झाडूसारखे, असं एकाच डोक्यावर दिसतं. दुसरं म्हणजे केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो आणि कंगव्याने ओढला की तिथेच तुटतो. "हिचे केस वाढतच नाहीत" असं जे म्हणतात, ते बहुतेक वेळा खरं नसतं. केस बहुतेकांचे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. वरून वाढतात तेवढेच खालून तुटतात, म्हणून लांबी दिसत नाही.

अमेरिकेतले केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांचे चार वर्ग केले, ते तुम्हाला व्हिडिओंमध्ये आणि बाटल्यांवर दिसतील: १ सरळ, २ लाटा, ३ कुरळे, ४ घट्ट वेटोळे. चौथा वर्ग प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. आपल्या देशात गीरजवळच्या जांबूरचे आणि कर्नाटकातले सिद्दी, आणि ज्यांच्याबद्दल आपण इतिहासात वाचतो ते जंजिऱ्याचे सिद्दी, यांचं मूळ आफ्रिकेतलंच. शेंड्याकडून विंचरणं, सैल वेण्यांत केस सांभाळणं, रात्री गुळगुळीत कापड बांधणं, हे सगळं आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी बायकांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं शहाणपण आहे. मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडच्या इतर घरांतही मानेवर, कानशिलांवर अशी वेटोळी असतात, वरचे केस लाटांचे असले तरी. एका डोक्यावर दोन-तीन प्रकार असणं अगदी नेहमीचं आहे.

पाणी: नर्मदेचं की बोरिंगचं

इंदूरच्या बहुतेक घरांत दोन पाणी असतात. नळाला नर्मदेचं, तेही बऱ्याच भागांत एक दिवसाआड, आणि बाकी वेळ बोरिंगचं. बोरिंगचं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियमचे क्षार केसांवर बसतात, केस राठ लागतात आणि कंडिशनर लावूनही बोटांना चरचरीत जाणवतं. बादलीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर तोच थर केसांवरही जमतो आहे असं समजा. नळ येईल त्या दिवशी एक बादली नर्मदेचं पाणी झाकून ठेवा आणि निदान शेवटचं पाणी त्याचं घाला. तेही नसेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर मिसळून शेवटी केसांवरून ओता, नंतर साध्या पाण्याचा एक तांब्या. महिन्यातून दोनदा पुरे.

धुण्याच्या दोन तास आधी खोबरेल लावा, शेंड्यांना जास्त, टाळूला कमी. मुंबईतल्या संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली, त्यात केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधन विभागात झाला होता, हे लक्षात ठेवूनही माझा अनुभव तोच सांगतो. फक्त हे तेल धुण्याआधीचं. वाळलेल्या, तहानलेल्या केसांवर तेल चोपडलं तर चकाकी येते, ओलावा येत नाही.

शाम्पू आठवड्यातून एकदा, घामाच्या दिवसांत दोनदा. तो फक्त डोक्याच्या त्वचेवर, बोटांच्या पेरांनी लावायचा. लांबीवर फेस चोळू नका, वाहून जाताना जेवढा लागतो तेवढा पुरतो. अंगाचा साबण डोक्याला अजिबात नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण त्याच्या अगदी उलट, त्याने केसाची बाहेरची खवलं उघडी पडतात. शिकेकाई चालते, पण भुकटी चाळून, भिजवून, गाळून घ्या, नाहीतर तिचे कण वेटोळ्यांत आठवडाभर अडकून राहतात. रिठ्याने मात्र हे केस फार कोरडे पडतात. मी तो सोडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, गुंता. मळसूत्री केस कोरडे कधीही विंचरायचे नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात सासूबाईंना पटायला वर्ष लागलं. सकाळी फणी हातात घेऊन त्या म्हणायच्या, "अगं, पोर पिंजारलेली शाळेत जाईल का?" त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, पण त्या फणीत रोज लिंबाएवढा गुंतवळ निघायचा. एकदा मी त्यांच्याच हातात ओले, कंडिशनर लावलेले केस दिले. त्या दिवशी लेक रडली नाही आणि फणी कपाटात गेली.

पद्धत अशी. केस निथळते ओले असताना भरपूर कंडिशनर लावा. डोक्याचे चार भाग करा आणि तीन भाग चिमट्याने बांधून ठेवा. हातात घेतलेल्या भागात आधी बोटं घाला, शेंड्याकडून सुरुवात करा, सुटलं की दोन बोटं वर सरका. बोटं मोकळी फिरायला लागल्यावर रुंद दातांचा कंगवा, तोही शेंड्याकडूनच. गुंता येईल तिथे वरच्या बाजूने बट मुठीत धरा म्हणजे टाळूला हिसका बसत नाही. एक भाग झाला की त्याला सैल पीळ घालून बाजूला ठेवा. लेकीच्या डोक्याला मला पंचवीस मिनिटं लागतात. घाईच्या दिवशी हे काम काढूच नका.

अळशीचं जेल

बाजारातली जेलं महाग, आणि काही वाळल्यावर पांढरी पापडी धरतात. सियागंज बाजारातून पाव किलो अळशी आणली की कित्येक महिने पुरते. पाव वाटी अळशी दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला लागते. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होतं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की गॅस बंद. लगेच, गरम असतानाच, जुन्या पातळ ओढणीतून गाळा. निवल्यावर ते कापडातून खाली उतरत नाही; पहिल्यांदा माझं अख्खं पातेलं असंच वाया गेलं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या.

केस ओलेच असताना हे जेल तळहातांवर घेऊन बटांवरून वरून खाली फिरवा, मग मूठ करून शेंडे टाळूकडे दाबा. पंचाने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट डोक्याला गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि मग केसांना हात लावू नका. हात लावला की वेटोळी सुटतात आणि पिसारा फुलतो. वाळल्यावर थोडे कडक लागतील, तेव्हा तळव्याला दोन थेंब तेल लावून केस मुठीत दाबले की मऊ होतात.

ऋतू, रात्र आणि गेर

एप्रिल-मेमध्ये मालव्याची हवा इतकी कोरडी होते की सकाळी मऊ असलेले केस दुपारी कुरकुरतात. या दिवसांत ग्लिसरीन जास्त असलेलं क्रीम टाळा, बाहेर जाताना सुती ओढणी घ्या आणि एक दिवसाआड फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी मारून, चमचाभर कंडिशनर पाण्यात कालवून बटांना दाबा. पावसाळ्यात उलट, केस फुगतात, तेव्हा जेल थोडं जास्त घ्या. मालव्याच्या रात्री थंड, सुखाच्या, पण सुती उशी केसांचा ओलावा शोषते आणि कूस बदलली की केस घासले जातात. सीतलामाता बाजारातून सॅटिनचं मीटरभर कापड आणा, दोन अभ्रे होतात. झोपताना केस डोक्यावर सैल गोळा करून मऊ रबराने एकच वेढा द्या.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, चुकवा असं कुठल्याही इंदुरी माणसाला सांगता येणार नाही. राजवाड्यासमोर टँकरमधून रंगीत पाणी उडतं आणि गुलालाने आभाळ झाकतं, त्यासाठी तयारीने जा. आदल्या रात्री खोबरेल चोपून लावा, सकाळी चार-सहा सैल वेण्या घाला, वरून रुमाल. परत आल्यावर केस लगेच भिजवू नका. वेण्या सोडून कोरडा गुलाल आधी झटका, मग नुसतं पाणी, मग कंडिशनर, आणि गुंता सुटल्यावरच शाम्पू.

शाळेच्या दोन वेण्यांबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. कपाळाची कातडी ताणली जाईल इतक्या घट्ट वेण्या रोज घातल्या तर कानशिलांवरचे केस विरळ होत जातात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे ते परत येत नाहीत. वेणी घातल्यावर मूल डोकं दुखतं म्हणालं किंवा भांगापाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या तर वेणी त्याच क्षणी सोडा. बाईंशी बोला. मी बोलले, आणि सैल वेण्या त्यांनी आनंदाने चालवून घेतल्या. चट्टे पडले, टाळू सोलायला लागली किंवा पू दिसला तर घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयातही त्वचेचा विभाग आहे.

स्ट्रेटनिंगचा आग्रह प्रत्येक पार्लरमध्ये होतो. "दीदी, एक बार करवा लो, झंझट खतम." केस सरळ करायच्या काही केराटिन उपचारांत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. त्याने डोळे आणि घसा जळजळतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवलं आहे. मुलांच्या डोक्यावर हे कधीही करू नका.

गुंता जुना झाला असेल तर

लेकीला टायफॉइड झाला तेव्हा ती तीन आठवडे अंथरुणात होती. मानेवरच्या केसांचा नमद्यासारखा गोळा झाला. शेजारच्या वयस्कर मावशी पाहून म्हणाल्या, "जट आली आहे, देवीचं आहे, हात लावू नका." माझ्या पोटात गोळा आला, कारण या समजुतीने आपल्या समाजात काय केलं आहे ते मला माहीत होतं. जट म्हणजे देवीची खूण मानून कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या, कित्येक बायका मानेवर तो भार घेऊन जन्मभर वावरल्या. १९८९ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी समजावून अशा जटा कापतात. जट म्हणजे न विंचरलेले केस, तेल आणि मळ यांचा गुंता. वेटोळ्यांच्या केसांत तो लवकर होतो, एवढंच.

मी मावशींना शेजारी बसवूनच तो सोडवला. खोबरेल आणि कंडिशनर समप्रमाणात कालवून गोळ्यात मुरवलं, अर्धा तास थांबले, मग बाहेरच्या कडेकडून एकेक धागा बोटांनी ओढत गेले. दोन संध्याकाळी लागल्या. मधला सुपारीएवढा भाग सुटेना, तेव्हा कात्रीचं टोक उभं धरून केसांच्या दिशेने, वरून खाली, दोन चिरा दिल्या. आडवी कात्री चालवली असती तर सगळी लांबी गेली असती. उभ्या चिरेने गाठ फुटली आणि बरेचसे केस वाचले. मावशींनी स्वतःच्या हाताने शेवटची बट मोकळी केली.

आता कात्री

आदल्या दिवशी केस धुवा, गुंता काढा, अगदी थोडं जेल लावा आणि मोकळे वाळू द्या. वेण्या घालून वाळवलेले केस कापायचे नाहीत. त्यांनी आपल्या नैसर्गिक आकारात यायला हवं, कारण ज्या आकारात ते रोज दिसणार त्याच आकारात कापायचे.

ओला केस ताणतो आणि वेटोळं लपवतो, पार्लरमध्ये झालं ते यामुळेच. आता ते दोन आकडे काढा. ८ सेंटिमीटर दिसणारा केस खरा २० चा, म्हणजे दिसणाऱ्या एका सेंटिमीटरमागे खरे अडीच. दिसायला एकच सेंटिमीटर जास्त कापला गेला तरी तो भरून यायला अडीच महिने लागतील. मी पहिल्या फेरीत अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे जात नाही.

कात्री केस कापायचीच हवी, साडेपाच-सहा इंचांची, आणि ती दुसऱ्या कशालाही लावायची नाही. ओल्या टिश्यू कागदावर चालवून पाहा. कागद न चुरगळता कापला तर धार ठीक. बोथट कात्री केस चिरडते आणि तिथून पुढे फाटे फुटतात. केस विरळ करायची दातेरी कात्री आणि वस्तरा या केसांना नको, कुठेही अर्धवट कापलेली टोकं सुटतात आणि सगळा आकार विस्कटतो.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मुलाला त्याच्या डोक्याची उंची तुमच्या छातीशी येईल अशा स्टुलावर बसवा. मानेच्या मागून, सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात करा, बाकीचे केस वर बांधून ठेवा. बोटाएवढी एक बट जशी लोंबते तशीच दोन बोटांत टेकवून धरा, ओढू नका. शेवटचं वेटोळं जिथे विरळ, पांढुरकं किंवा गाठीचं दिसेल तिथे त्याच्या किंचित वर कापा आणि बट सोडून द्या. ती कुठे जाऊन बसते ते पाहा, मगच पुढची. एकेका केसाला बसलेल्या बारीक गाठी सोडवायला जाऊ नका, गाठीच्या वर कापा. एक थर झाला की वरचा थर खाली सोडा.

नवशिके इथे एक चूक करतात, सगळे केस एकाच रेषेत आणतात. मग खालचे फुगतात, वरचे टाळूला चिकटतात आणि डोकं त्रिकोणी दिसतं. वरचे थर खालच्यापेक्षा थोडे थोडे आखूड ठेवा म्हणजे आकार गोल येतो. दर पाच-सहा बटांनंतर कात्री ठेवा, मुलाला डोकं हलवायला सांगा, चार पावलं मागे जाऊन समोरून आणि दोन्ही बाजूंनी पाहा. दोन्हीकडच्या बटांची लांबी जुळवत बसू नका. एका बाजूची वेटोळी घट्ट, दुसरीकडची सैल असतात, त्यामुळे बाहेरून दिसणारा आकार जुळला की झालं. कपाळावरचे केस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी.

मुलग्यांचे केस न्हाव्याकडे कापत असाल तर मानेवर वस्तरा किंवा त्वचेला टेकवलेलं मशीन नको म्हणून आधीच सांगा. मळसूत्री केस त्वचेलगत कापला की त्याचं टोक वळून पुन्हा त्वचेत शिरतं आणि मानेवर दुखऱ्या पुळ्या येतात. त्या वारंवार येत राहिल्या तर तिथे जाड व्रण होतो.

मूल कंटाळलं तर निम्म्यावर थांबा, उरलेलं उद्या. कोरडे कापण्याचा हा मोठा फायदा आहे, अर्धवट ठेवलेलं काम बिघडत नाही. पूर्ण झाल्यावर मात्र आठवडाभर कात्री कपाटात ठेवा. एकदा नेहमीसारखे धुवा, वाळू द्या, आणि मग पाहा. एक-दोन बटा हमखास बाहेर डोकावतात, तेवढ्याच टिपा. पुढची कापणी तीन-चार महिन्यांनी. लेकीच्या वहीत आता प्रत्येक वेळची तारीख आणि ताणलेल्या केसाची लांबी तिच्याच अक्षरात लिहिलेली आहे. गेल्या रविवारचा आकडा ३४ आहे.